पुरीम : एका लहान समाजाचा मोठा सण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही वेतन, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही पुरीम हा विषय कळवला, तेव्हा त्यांचे पत्र आले की, हा शब्द नीट लिहिला गेला आहे ना? लिहिला गेला होता. पुरीम हा ज्यू लोकांचा सण आहे. मुंबईतल्या ज्यूंच्या एका समाजकेंद्रात तो आम्ही पाहिला, त्याच्यामागची कथा मिळेल तिथून वाचून काढली, आणि मग आमच्या ध्यानात आले की, इतकी वर्षे गेटसमोर उभे राहून आम्ही जे सांगत आलो, ते या लोकांनी एका सणात बांधून ठेवले आहे. म्हणून हा विषय.

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा हिब्रू भाषेचे ज्ञान आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. पण मराठी बायबलात एस्तेरचे पुस्तक आहे, ते दहाच अध्यायांचे आहे, आणि ते वाचायला अक्षरओळख पुरते.

प्रथम त्या संध्याकाळविषयी सांगतो. २०२५ सालच्या १३ मार्चची गोष्ट. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून जन्म घालवलेले आमचे एक जुने सहकारी आहेत, बेने इस्राएल समाजाचे. युनियनमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांचा फोन आला, “आज आमची होळी आहे, तुम्ही यायचेच.” आम्ही म्हटले, “काका, आज आमचीही होळीच आहे.” ते म्हणाले, “मग दोन्ही करा. आधी आमच्याकडे या.”

रस्त्यात नाक्यानाक्यावर लाकडे रचून ठेवली होती, पोरे ढोलकी बडवत होती. आम्ही केंद्रात शिरलो तर आतही तेच! दाराशी पोलिसाने तपासणी केली. त्याचे कारण पुढे येईल. आत दिवाणखान्यासारखी मोठी खोली, भिंतीला कागदी पताका, आणि सगळीकडे सोंगे. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले चार राजे, जरीच्या ओढण्या घेतलेल्या सहासात राण्या, एक वाघ, एक डॉक्टर, आणि एक पोरगा तर चक्क तिकीट तपासनीस होऊन सर्वांना दंड करीत फिरत होता. प्रत्येकाच्या हातात आवाजाचे काहीतरी. कुणाकडे डबा आणि चमचा, कुणाकडे लाकडाची फिरकी. फिरकीच्या दांड्यावर दातेरी चाक असते, ती गरागरा फिरवली की पट्टी दात्यांवर आपटून कर्कश करकर होते.

थोड्या वेळाने एक गृहस्थ चर्मपत्राची गुंडाळी घेऊन उभे राहिले. तिला मगिल्ला म्हणतात. ती पुरीमच्या रात्री एकदा आणि दिवसा एकदा, अशी दोनदा अथपासून इतिपर्यंत वाचायची असते. वाचन हिब्रूतून चालू झाले. काकांनी आमच्या हाती मराठी बायबल दिले होते, त्यात बोट ठेवून आम्ही मागोमाग चाललो. वाचता वाचता एक नाव आले आणि खोलीत भूकंप झाला. फिरक्या, डबे, पाय, शिट्ट्या! ते नाव हामानाचे. जिथे जिथे ते येते तिथे तिथे असा आवाज करून ते पुसून टाकायचे. वाचणारे गृहस्थ शांतपणे थांबायचे, हात वर करायचे, आवाज बंद व्हायचा आणि पुढचा शब्द सुरू व्हायचा.

आता ती कथा सांगतो. पुष्कळांना ती ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना आमच्यासारख्या माणसाने ती कशी वाचली हे कळेल.

इराणातल्या शूशन नगरात अहश्वेरोश नावाचा राजा राज्य करीत होता. हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत त्याचे १२७ परगणे होते. आपल्या देशाचे नाव हिब्रू बायबलात येते ते याच एका पुस्तकात. राजाने एकशे ऐंशी दिवस मेजवान्या दिल्या आणि शेवटी नशेत हुकूम सोडला की, वश्ती राणीने दरबारात येऊन आपले रूप लोकांना दाखवावे. ती आली नाही. एवढ्यावरून तिचे राणीपद गेले. ना आरोपपत्र, ना चौकशी. उलट सल्लागारांना धास्ती पडली की, राणीचे पाहून घरोघरच्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत. म्हणून पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी, असे फर्मान १२७ परगण्यांत गेले. एका बाईच्या नकाराने एवढे साम्राज्य हादरले, हे वाचून आम्हांला हसू आले. पण विनोद बाजूला ठेवला तर ज्या राज्यात पुढचा अनर्थ घडणार आहे, त्याचा कारभार कसा चालतो हे पहिल्याच अध्यायात दाखवून ठेवले आहे.

नवी राणी म्हणून एस्तेर निवडली गेली. आईबापाविना वाढलेली मुलगी, ज्यू जातीची. चुलतभाऊ मर्दखय याने तिला मुलीसारखे सांभाळले होते, आणि त्याच्याच सांगण्यावरून तिने आपली जात लपवली. पुढे हामान नावाचा मनुष्य मुख्य प्रधान झाला. सर्वांनी त्याच्यापुढे वाकावे असा हुकूम होता. मर्दखय वाकला नाही. हामानाचा अपमान एका माणसाने केला, पण सूड त्याला त्याच्या सबंध जातीवर उगवायचा होता. तो राजाला सांगतो की, तुमच्या राज्यात एक जमात विखरून राहते, तिचे कायदे निराळे आहेत, तिला ठेवून तुमचा फायदा नाही. आणि तिच्या नाशासाठी मी तिजोरीत दहा हजार किक्कार रुपे भरतो. राजा चौकशी न करता बोटातली अंगठी काढून देतो.

हे शब्द आम्ही थांबून दोनदा वाचले. ते लोक निराळे आहेत, विखुरलेले आहेत, त्यांच्यावाचून काही अडत नाही! ज्याला कोणत्याही लहान समाजाचा काटा काढायचा असेल, त्याचे भाषण आजही याच तीन वाक्यांचे असते.

कत्तलीचा दिवस ठरवण्यासाठी हामानाने चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीला त्या भाषेत ‘पूर’ म्हणत, त्यावरून सणाचे नाव पुरीम. दिवस निघाला अदार महिन्याची तेरावी तारीख. स्वार दौडले, परगण्यापरगण्यात परिपत्रक लागले.

मर्दखयाने एस्तेरला निरोप धाडला की, राजाकडे जा. ती कचरली. बोलावल्याशिवाय राजापुढे जाणाऱ्याला देहदंड होता, आणि तिला तीस दिवसांत बोलावणे नव्हते. मर्दखयाने उलट कळवले की, तू राजवाड्यात आहेस म्हणून एकटी वाचशील, या भ्रमात राहू नकोस. कामगारांतून वर चढून सुपरवायझर झालेल्या आणि मग तुमच्या भानगडीत मला ओढू नका म्हणणाऱ्या किती जणांना आम्ही याच अर्थाचे बोललो असू! तेव्हा एस्तेरने जे केले, त्यासाठी आम्ही ही कथा तुमच्यापुढे आणली. तिने प्रथम राजाकडे धाव घेतली नाही. तिने मर्दखयाला सांगितले की, शूशनातल्या सगळ्या ज्यूंना एकत्र कर, तीन दिवस सर्वांनी उपास करा, मीही करीन, आणि मग मी कायदा मोडून आत जाईन. हामानाने त्यांना विखुरलेले म्हटले होते. एस्तेरने पहिले उत्तर दिले ते त्याच शब्दाला.

पुढे ती आत गेली, राजाने राजदंड पुढे केला. दोन मेजवान्यांच्या डावानंतर हामान उघडा पडला, आणि मर्दखयासाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर स्वतःच चढला. कोणत्याही नाटकाचा पडदा इथे पडला असता. पण हामान मेला तरी त्याचे परिपत्रक जिवंत होते! राजाच्या मुद्रेने निघालेला हुकूम खुद्द राजालाही रद्द करता येत नव्हता. एस्तेरला पुन्हा एकदा राजाच्या पाया पडून रडावे लागले. शेवटी दुसरे फर्मान निघाले की, ठरल्या दिवशी ज्यूंनी जागोजागी एकत्र जमावे आणि आपल्या जिवासाठी उभे राहावे.

बंधूंनो, मॅनेजर बदलला म्हणून पेढे वाटणारे कामगार आम्ही पाहिले आहेत, आणि सहा महिन्यांनी जुन्याच नियमाखाली त्यांना घरी बसलेलेही पाहिले आहे. वाईट माणूस गेला की वाईट हुकूम आपोआप जात नाही. त्यासाठी दुसरा हुकूम मिळवावा लागतो, आणि तो अंमलात आणायला माणसे जमलेली असावी लागतात. या पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही, ही गोष्ट धर्मपंडितही सांगतात. आकाश दुभंगत नाही, समुद्र फाटत नाही. जे होते ते माणसांच्या जमण्याने आणि एका बाईच्या धाडसाने होते. ही कथा इतिहासात जशीच्या तशी घडली नसावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. न का घडेना. शेकडो वर्षे लोक ती दरसाल जमून ऐकतात, ही घटना तर खरी आहे.

आता सण पाळायचा कसा? ज्यू धर्मशास्त्राने चार गोष्टी सांगितल्या आहेत. मगिल्ला ऐकणे, मित्राला खाण्याच्या दोन वस्तू पाठवणे, दोन गरिबांना दान देणे आणि मेजवानी. मगिल्ला बायकांनीही ऐकलीच पाहिजे, कारण त्या संकटात आणि सुटकेत त्याही होत्या, असे जुन्या रब्बींनी म्हटले आहे. बाराव्या शतकात मायमोनिडिस नावाचा मोठा धर्मशास्त्री होऊन गेला. त्याने स्पष्ट लिहून ठेवले की, मेजवानीवर आणि मित्रांच्या ताटांवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांच्या दानावर वाढवावा. शिवाय जो हात पुढे करील त्याला द्यायचे, तो खरोखर गरीब आहे का याची छाननी त्या दिवशी करायची नाही. पुरीमसाठी जमलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा नाही. आणि जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही दान द्यायचे.

या शेवटच्या नियमाचे आम्हांला फार कौतुक वाटले. तालमूद या ग्रंथात दोन गरीब विद्वानांची गोष्ट आहे. वेगळे काही पाठवण्याची ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून त्यांनी आपापले जेवण अदलाबदल केले. दोघेही जेवले आणि दोघांचेही कर्तव्य झाले. आमच्या युनियनमध्ये झाडू मारणारी बाईही वर्गणी भरते. कोणी म्हणते, तिच्याकडून कशाला घेता? आम्ही म्हणतो, तिच्याकडून घेतली नाही तर ती सभासद राहणार नाही, ती आपल्या दयेची धनीण होईल. त्या संध्याकाळी केंद्राच्या कोपऱ्यात एक टेबल होते, त्यावर बंद लाकडी पेटी. येणारा प्रत्येक जण तीत काही टाकत होता. एक म्हातारी आजी आली, तिने पदराची गाठ सोडून नोट टाकली. काका आमच्या कानाशी लागले, “उद्या याच पेटीतून आजींकडेही पाकीट जाईल. त्यांनाही ते ठाऊक आहे.” आजी मानेने ताठ चालत खुर्चीवर जाऊन बसल्या.

मग खाणे झाले. युरोपीय ज्यूंची तिकोनी पुडी, आत खसखशीचे सारण. आणि शेजारी घराघरांतून आलेल्या पुरणपोळ्या. मुकुट घातलेल्या एका चिमुरडीने आम्हांला समजावून दिले की, पुरण असते म्हणून पुरीम म्हणतात. आम्ही चिठ्ठ्यांचे व्युत्पत्तिशास्त्र तिला सांगितले नाही.

बेने इस्राएल हे आपल्या कोकणचे ज्यू. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. गावांवरून आडनावे पडली : केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रूचे ज्ञान जवळजवळ मावळले, पण सण टिकले. आणि ते टिकले मराठी नावांनी. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, दारे लावून उपास करायचा तो दारफळणीचा सण, बिरडे खाऊन शोक पाळायचा तो बिरड्याचा सण, आणि पुरीमचे नाव होळीचा सण. हायम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला, त्यात ही नावे नोंदवली आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच साली केहिमकरांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. म्हणजे आपल्या या मांडवाचे आणि त्या समाजाचे हे एक जुने नातेच म्हणायचे.

होळीचे नाव पडले ते उगीच नव्हे. ज्यूंचे महिने चंद्राचे असतात, अदारच्या चौदाव्या दिवशी पुरीम, म्हणजे पौर्णिमेला लागूनच. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे; ती तूट त्यांनी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून भरली, आपण आपल्या अधिक मासाने भरतो. त्यामुळे पुरीम आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा गाठीला गाठ येतात. २०१३ सारख्या एखाद्या वर्षी महिन्याचे अंतर पडते. कोकणच्या गावात शेजारी होळीभोवती बोंब मारीत असतील आणि हे लोक हामानाच्या नावाने गोंगाट करीत असतील, तेव्हा कोणी कोणाला फार समजावून सांगावे लागले नसेल.

या समाजाला आपल्या देशात कोणी हामान भेटला नाही, हे आपल्या भूमीचे भूषण आहे आणि ज्यू लोक ते मोकळेपणाने सांगतात. टिळकांच्या खटल्यांत त्यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत डेव्हिड एरुळकर हे बेने इस्राएल होते. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, ही तर आमच्या चळवळीची बाराखडी आहे. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर एलिजा मोझेस हेही याच समाजाचे. आणि तरीही २६ नोव्हेंबर २००८ ला परदेशातून आलेल्या बंदूकवाल्यांनी कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये शिरून तिथले रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्हका आणि आणखी चौघांना ठार केले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला छातीशी धरून बाहेर काढले ते त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या बाईंनी. त्या घरी कामाला होत्या, ज्यू नव्हत्या. दाराशी पोलीस का उभा असतो, हे आता कळले असेल. आणि तो उभा असतानाही आत पोरे फिरक्या फिरवतात, याची किंमत त्यावरून करावी.

स्वातंत्र्यानंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. आज भारतात काही हजार उरले, तेही मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे. पण आपल्याच लोकांत गेले म्हणून त्यांचा झगडा संपला नाही. यांचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी यांच्या पूर्वजांची तपासणी करावी, असा दंडक तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६२ च्या सुमारास काढला. पिढ्यान्‌पिढ्या घाणा बंद ठेवून शनिवार पाळला, त्यांनाच विचारणा की, तुम्ही खरे ज्यू कशावरून? तेव्हा हे कोकणी लोक जेरुसलेमात येऊन बसले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथे धरणे धरले, बायकामुले घेऊन, आठवडेच्या आठवडे. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या पार्लमेंटने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. आणि रब्बींच्या कचेरीला दंडकातून त्यांचे नाव काढावे लागले. परिपत्रक होते, माणसे जमली, परिपत्रक बदलले. काकांचे एक नातलग त्या धरण्यात होते. काका म्हणाले, “धरणे कसे धरायचे, हे आम्ही मुंबईतूनच नेले होते.”

इथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. परंतु कथेचा नववा अध्याय वगळून ती सांगणे ही लबाडी होईल. ठरल्या दिवशी ज्यू जमले, उभे राहिले, आणि त्यांनी शत्रूंना मारले; पुस्तक पंचाहत्तर हजारांचा आकडा देते. फर्मानाने लुटीची मुभा असताना त्यांनी लुटीला हात लावला नाही, हे पुस्तक तीनदा सांगते. तरी आकडा तो आकडा. आम्ही काकांना सरळ विचारले. ते म्हणाले, “त्या अध्यायापाशी मी दरवर्षी खाली मान घालून बसतो.”

हा अध्याय कसा वाचायचा, हा प्रश्न पुस्तकापुरता राहिलेला नाही. हिटलरचा प्रचारक स्ट्रायखर १६ ऑक्टोबर १९४६ ला न्यूरेंबर्ग येथे फाशी गेला, तेव्हा तख्तावरून त्याने पुरीमचे नाव घेऊन आरोळी ठोकली. साठ लाख ज्यूंच्या कत्तलीला ज्याने रान पेटवून दिले, त्याला शेवटच्या क्षणी ही कथा आठवली. आणि २५ फेब्रुवारी १९९४, पुरीमचाच दिवस : हेब्रॉन शहरात इब्राहिमी मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढत असलेल्या २९ मुसलमानांना गोळ्या घालून मारले. इस्रायलच्या पंतप्रधान राबिन यांनी त्याचा कडक शब्दांत धिक्कार केला. पण त्या माणसाने नववा अध्याय मान ताठ ठेवून वाचला असणार. ज्यांचा जीव वाचला त्यांच्या आठवणीतूनच नवा हामान निघू शकतो. हे ज्यूंपुरते आहे असे कृपा करून समजू नये. संप जिंकल्यावर फुटलेल्या गड्याच्या घरावर दगड मारायला निघालेला मोर्चा आम्ही पाहिला आहे. त्याला आडवे पडायला आम्हांला उशीर झाला, याची टोचणी अजून आहे. जमणे ही शक्ती आहे. ती कुठे थांबवायची, हे जमलेल्यांनीच ठरवावे लागते.

ज्यूंच्या परंपरेत याची जाण नाही असे नाही. पुरीमला इतकी पिण्याची मुभा सांगितली आहे की, हामानाला शिव्या आणि मर्दखयाला आशीर्वाद यांतला फरक कळेनासा व्हावा. पण तालमूदाने त्याला लागूनच एक गोष्ट ठेवली आहे. दोन रब्बी असेच प्याले आणि नशेत एकाने दुसऱ्याचा गळा चिरला. शुद्धीवर आल्यावर त्याने प्रार्थना केली आणि मेलेला जिवंत झाला. पुढच्या वर्षी पहिल्याने पुन्हा आमंत्रण दिले. दुसरा म्हणाला की, नको, चमत्कार काही दरवेळी होत नाही! आमच्या कामगार वस्तीत दारूबंदीवर पुष्कळ व्याख्याने झाली. इतके नेमके व्याख्यान आम्ही ऐकले नाही.

आता शेवटचे. वाचन चालू असताना एका पोराला फिरकीचा इतका नाद लागला की, नाव नसतानाही तो ती फिरवू लागला. काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाळा, नाव आले की हवा तेवढा आवाज कर. पण मग थांबायचे. मगिल्लेचा एकही शब्द ऐकायचा राहिला तर वाचन पुरे होत नाही.” आम्ही नंतर चौकशी केली, नियम खरोखर तसाच आहे. प्रत्येक शब्द प्रत्येकाच्या कानी पडला पाहिजे.

आमच्या गेटवरच्या सभांत घोषणा पुष्कळ होतात. घोषणा हव्यातच, अन्यायाचे नाव आले की गोंगाट झालाच पाहिजे. पण घोषणा थांबून पुढचा शब्द ऐकण्याची शिस्त आम्हांला अजून पुरती साधलेली नाही. ती त्या खोलीत वाघ, राण्या आणि तिकीट तपासनीस होऊन बसलेल्या पोरांना साधत होती.

बाहेर पडलो तेव्हा नाक्यावरची होळी पेटली होती. काका आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आले. त्यांनी खिशातून एक पुडी काढून आमच्या हाती दिली. दोन तिकोनी पुड्या आणि एक पुरणपोळी. म्हणाले, “मित्राला दोन वस्तू पाठवाव्या लागतात. तिसरी तुमच्या घरी.” आम्ही ती तिथेच होळीच्या उजेडात अर्धी अर्धी केली.